पंप धुवायचा राहिला, हे पाप धरायचं का?

धुऱ्यावरचा (जि. यवतमाळ)

आमच्या चर्चच्या मंडळीत विचारलं तर दुसऱ्या दिवशी गावभर होईल, म्हणून इथे लिहितो.

जुलैअखेर धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गाजरगवतावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. पाऊस आला, घाईघाईत फवारणीचा पंप साध्या पाण्यानं दोनदा विसळला आणि कोठ्यात टांगला. चार दिवसांनी शेजारच्या मावशी आल्या. त्यांचा पंप गळत होता, मावा-तुडतुड्याचं औषध मारायचं होतं. म्हटलं, न्या. त्यांनी दोन एकर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारलं. आठ-दहा दिवसांत शेंडे आवळले, नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, बोटासारखी लांबुळकी निघू लागली.

मावशी म्हणतात, कृषी केंद्रवाल्यानं बोगस औषध दिलं. जाऊन भांडूनही आल्या. येताना माझ्याच धुऱ्यावर थांबून सगळं सांगितलं, एक पान तोडून माझ्या हातात दिलं. पान पाहिल्याबरोबर मला समजलं. घरी येऊन पंपाचं झाकण उघडलं, वास अजून होता. मी कोणाला बोललो नाही.

रोज रात्री प्रार्थनेत क्षमा मागतो. ख्रिस्ताच्या रक्तानं पाप धुतलं जातं हे संडे स्कूलपासून पाठ आहे. मग नकळत झालेलं पाप त्यातच आलं की वेगळं काही करावं लागतं? जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात पापासाठी सांगितलेली बोकड-मेंढरांची अर्पणं आता लागू नाहीत, तेवढं माहीत आहे. तरी झोप नाही.

शुभवर्तमान_७

भाऊ, हे पाप नाही, अपघात आहे. नियत साफ होती ना? प्रभू वधस्तंभावर काय म्हणाला, हे काय करतात ते यांना समजत नाही, यांना क्षमा कर (लूक 23:34). नका मनाला लावून घेऊ.

निवृत्त पाळक

शुभवर्तमान, तोच दाखला उलटा वाचून पाहा. जिथे दोषच नाही तिथे प्रभू क्षमा कशाला मागेल? न समजता केलं म्हणून ते निर्दोष ठरले नाहीत, त्यांच्यासाठी विनवणी करावी लागली. लूक 12:48 मध्येही नकळत चुकलेल्या चाकराला फटके कमी आहेत. माफ नाहीत.

धुऱ्यावरचे दादा, मी यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलो, ती 1983 साली पुण्याला गेली त्याच्या आधी. लेवीय तेव्हा कंटाळवाणं वाटायचं. पुढे गावोगाव फिरून लोकांची भांडणं ऐकली, मग त्यातली गोडी कळली. नजरचुकीला तिथे हिब्रू शब्द आहे शेगागा, म्हणजे वाट चुकणं. गणना 15 मध्ये त्याच्या समोर ठेवलंय हात उगारून, उर्मटपणे केलेलं पाप, आणि त्याला अर्पणच नाही. नजरचुकीला मात्र सगळ्यांसाठी वाट आहे. लेवीयात महायाजक चुकला तर गोऱ्हा, अधिकाऱ्याला बोकड, साध्या माणसाला बकरी किंवा मेंढी. तेवढी ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटर, तेल-धूप न घालता. मोठ्याची चूक महाग, गरिबाची पिठावर भागते. मला हे फार आवडतं.

पण तुम्ही एका ओळीवरून घाईनं गेलात. लेवीय 4:28 म्हणतं, आपण केलेलं पाप त्याला कळून आलं म्हणजे त्यानं अर्पण आणावं. तुम्हाला कधी कळलं? मावशींनी पान हातात दिलं तेव्हा. तिथपर्यंतची शेगागा. त्याच्या पुढचे दिवस कुठल्या खात्यात धरायचे? 5:1 तर तुमच्या अंगणातच येऊन बसतं: साक्ष देण्याची हाक ऐकूनही, माहीत असून जो बोलत नाही, तो दोषी. दुकानदार फुकट बदनाम होतोय.

इब्री 9:7 मध्ये महायाजक वर्षातून एकदा आत जातो तो लोकांच्या अशाच अजाणता झालेल्या पापांसाठी. ते काम ख्रिस्तानं एकदाच करून ठेवलं, त्यात शंका नको. पण मत्तय 5:23-24 मध्ये तोच म्हणतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाकडे जा. तुमची झोप तिथे अडली आहे.

काळीभोर

पाळकसाहेबांनी बरोबर सांगितलं, पण मला निर्गम 21:33-34 आठवतं. खड्डा खणून उघडा ठेवला, त्यात कोणाचा बैल नाहीतर गाढव पडलं, तर खड्ड्याच्या मालकानं भरपाई द्यायची. बैलाला त्यानं ढकललेलं नसतं. न धुतलेला पंप म्हणजे बिनकठड्याची विहीर, दादा. मी बाईमाणूस, पण फवारणी स्वतः करते. आमच्या घरी तणनाशकाचा पंप वेगळाच आहे. टू-फोर-डी नुसत्या पाण्यानं निघत नाही, आणि पऱ्हाटीला त्याचा अंशही सोसत नाही.

मावशींना सांगा, घाबरून झाडं उपटू नका. मात्रा कमी गेली असेल तर महिनाभरात नवी पानं नीट येतात, फक्त बोंडं उशिरा. आणि पुन्हा तोच पंप वापरू नका म्हणा. तुम्ही गप्प राहिलात तर पुढच्या फवारणीला परत तुमच्याकडेच मागायला येतील, तेव्हा काय करणार?

शुभवर्तमान_७

म्हणजे कृपा पुरत नाही, वरून पैसेही द्यायचे? हे कर्मांनी तारण झालं.

काळीभोर

लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदारानं चौपट परत देतो म्हटलं तेव्हा प्रभूनं त्याला थांबवलं नाही.

धुऱ्यावरचा (जि. यवतमाळ)

तीन दिवस लिहिलं नाही, कारण जायची हिंमत होत नव्हती. काळीभोरताई, तुमचा शेवटचा प्रश्न खरा झाला, काल मावशींची मोठी पोरगी पंप मागायला आली. तिच्यासोबतच गेलो.

मावशी तुरीच्या ओळीत निंदत होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं. बराच वेळ खुरपं चालूच होतं. मग म्हणाल्या, "पंप तरी धुऊन द्यायचा ना रे बाबा." मी म्हटलं, माझ्या दोन एकरात जेवढा कापूस निघेल तेवढा तुमचा धरू, जो फरक पडेल तो माझ्या गंजीतून. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. वेचणीला पाहू म्हणाल्या. माफ केलं असंही तोंडानं बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही.

दुकानात उद्या जायचं आहे. ते जास्त अवघड वाटतं, तिथे दहा माणसं बसलेली असतात. मी एकटा जाऊन येतो म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "मीही येते. तू काय सांगितलं ते मला कसं समजेल?"