कॉम्पॅक्टवरून डीएसएलआर: कोळ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचायचंय, आधी काय घेऊ?

मावा_मुंगी

गेली साडेतीन वर्षं मी एका छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर किड्यांचे फोटो काढते आहे. डायल फुलाच्या चिन्हावर, झूम पूर्ण मागे आणि लेन्स किड्यापासून एक सेंटीमीटरवर, एवढीच माझी पद्धत. मुंगी माव्याच्या पाठीवर मिशांनी हलकेच थोपटते आणि मग माव्याच्या मागच्या टोकाला पारदर्शक थेंब येतो, हे मी पहिल्यांदा याच कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. नुसत्या डोळ्यांना तिथे हिरव्या ठिपक्यांवर फिरणारे काळे ठिपके दिसायचे. त्यामुळे कॅमेऱ्याबद्दल तक्रार नाही, पण आता अडायला लागलंय.

अडतंय ते उडी मारणाऱ्या कोळ्यापाशी. कुंडीतल्या पानांवर एक राहतो, जेमतेम सहा मिलिमीटरचा. लेन्स जवळ नेली की तिची सावली पानावर पडते, आणि सावली पडली की हा पानाखाली. कधी थांबलाच, तर कॅमेरा फोकस पानाच्या शिरेवर धरून बसतो, हाताने फोकस करायची सोय नाही. तेही जुळून आलं तर बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत त्याने तोंड फिरवलेलं असतं. संध्याकाळी आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ४०० केलं की अंगावरचे केस पुसले जातात, रंगाचा हात फिरवल्यासारखं दिसतं.

डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आरशाचा कॅमेरा, घ्यायचं मनात पक्कं आहे. प्रश्न क्रमाचा आहे. कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स (अगदी जवळच्या बारीक वस्तूंसाठीची) दोन्ही एकदम परवडणार नाही. आधी कॅमेरा आणि त्याच्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स घेतली, मॅक्रो लेन्स वर्षभराने, तर चालेल का? निदान आत्तापेक्षा मोठा कोळी दिसेल ना?

भिंगातून

नाही दिसणार, लहान दिसेल. मी नेमकं हेच केलं होतं म्हणून आधीच सांगतो.

किट लेन्स, म्हणजे बरोबर येणारी ती १८-५५, लावून पहिल्याच संध्याकाळी मी एका टाचणीचे फोटो काढले. घरी येऊन जुन्या कॉम्पॅक्टवरचा फोटो शेजारी ठेवला, तर जुन्या फोटोत टाचणीचं डोकं जवळजवळ दुप्पट मोठं होतं. कॅमेऱ्यात बिघाड आहे असं वाटून मी आठवडाभर सेटिंग चाळत बसलो. बिघाड कुठेच नव्हता. सेन्सरवर प्रतिमा किती मोठी पडणार हे लेन्स ठरवते, नवी बॉडी घेऊन ती वाढत नाही. चांगली १८-५५ लेन्ससुद्धा अगदी जवळून वस्तूची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराच्या ०.३६ पट पाडते. कॅननचा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) २२.३ मिलिमीटर रुंद, म्हणजे फ्रेममध्ये आडवी सुमारे ६२ मिलिमीटर जागा येते. त्यात तुमचा कोळी एक दशांशसुद्धा जागा व्यापणार नाही.

एक काम करा. कॉम्पॅक्टने फूटपट्टीचा फोटो काढा, जितक्या जवळून जमेल तितक्या. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते मोजून इथे लिहा. बाकी बोलणं त्यानंतर करू.

तिसरा_डोळा

डीएसएलआरच का, हा माझा प्रश्न. कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८ साली मिररलेसचे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे, नवे माउंट (लेन्स बसवायची जागा) आणले आणि नवं काम तिकडेच चाललंय. मॅक्रोत मिररलेसचा खरा फायदा होतो: डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेलाच राहतो आणि फोकसमध्ये आलेल्या कडा त्यातच रंगीत होऊन दिसतात. डीएसएलआरवर अशा खात्रीसाठी लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे दृश्य थेट मागच्या पडद्यावर आणून, दहापट मोठं करून बघावं लागतं. ट्रायपॉडवर ते उत्तम, हातात धरून अवघड.

तरीही हातातले पैसे मोजकेच असतील तर जुनी डीएसएलआर वाईट नाही. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स ॲडॉप्टर लावून नव्या मिररलेस आरएफ बॉडीवर चालतात, त्यामुळे लेन्सवरचा खर्च पुढेही कामाला येतो.

मावा_मुंगी

मोजलं. ३१ मिलिमीटर. तीन वेळा काढला, तिन्ही वेळा ३१. कडेचे आकडे मात्र फाकलेले आणि पुसट आहेत, हे फुलांच्या फोटोंत कधी लक्षातच आलं नव्हतं.

भिंगातून

छान. आता हिशोब सोपा आहे.

तुमच्या कॉम्पॅक्टचा सेन्सर बहुधा १/२.३ इंची, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ६.२ मिलिमीटर रुंद असेल. ३१ मिलिमीटरची पट्टी त्यावर मावली म्हणजे पट एकास पाच. ऐकायला कमी वाटतं, पण सेन्सरच एवढासा असल्यामुळे फोटोत किडा मोठा भरतो. खरी मॅक्रो लेन्स एकास एक देते. क्रॉप सेन्सरवर तिची फ्रेम २२.३ मिलिमीटरची. म्हणजे तुमच्या ३१ च्या जागी २२. तुमचा कोळी आत्ता फ्रेमच्या पाचव्या हिश्शात येतो, मॅक्रो लेन्सने चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त येईल. फरक एवढाच. जाहिरातींवरून लोकांना वाटतं की एकदम दहापट मोठं दिसेल, आणि मग निराशा होते.

मग घ्यायची कशाला? अंतरासाठी. कॅननची १०० मिलिमीटर मॅक्रो एकास एक पट देते तेव्हा लेन्सचं तोंड कोळ्यापासून साधारण चौदा सेंटीमीटर लांब असतं. सावली पडत नाही, कोळी पळत नाही, आणि त्या मोकळ्या जागेतून उजेड आत सोडता येतो. शिवाय फोकस तुमच्या हातात येतो आणि रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) केस शाबूत राहतात.

आता गमवाल काय तेही ऐका. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. कॉम्पॅक्टवर एफ ३.३ ला जेवढी खोली फोकसमध्ये राहते, तेवढी त्याच ३१ मिलिमीटरच्या फ्रेमसाठी डीएसएलआरवर हवी असेल तर जवळपास एफ ८ लागतो. एकास एकला एफ ८ वर तर जेमतेम ०.६ मिलिमीटर उरते, एफ ११ वर ०.९. डोळे स्पष्ट आले तर मागचे पाय धूसर येणारच. ॲपर्चर आणखी बारीक करून भागत नाही, कारण एकास एकला लावलेला एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२ सारखा वागतो आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच थोडं मऊ होतं. मी एफ ११ च्या पुढे क्वचित जातो.

आणि कॉम्पॅक्ट देऊन टाकू नका. वाइड टोकाला एक सेंटीमीटरवरून किडा आणि त्याच्या मागचं अख्खं झाड एका फोटोत येतं. १०० मिलिमीटरच्या लेन्समधून ती चौकट मिळणार नाही.

पानामागे

ताई, क्रमाबद्दल माझं मत जरा वेगळं. मॅक्रो लेन्सशिवायही आजच कोळ्यापर्यंत पोहोचता येतं, फक्त १८-५५ च्या भरवशावर राहू नका. बॉडीबरोबर ५५-२५० सारखी झूम सेकंडहँड बघा आणि तिच्या तोंडावर रेनॉक्सचं डीसीआर-२५० क्लोज-अप भिंग लावा. चिमट्यासारखं अडकतं, ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर थ्रेडवर बसतं. शक्ती आठ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप), म्हणजे नाभीय अंतर १२५ मिलिमीटर. लेन्स अनंतावर फोकस करून झूम २५० वर नेली की पट झाला २५० भागिले १२५, म्हणजे दोन. मॅक्रो लेन्सच्या दुप्पट! किडा भिंगापासून अकरा-बारा सेंटीमीटरवर राहतो. झूम कमी केली की पट कमी होतो, फार कमी केली तर कोपरे काळे पडतात. त्याचंच धाकटं भावंड डीसीआर-१५० हे ४.८ डायॉप्टरचं, अंतर वीस सेंटीमीटर, शिकायला जास्त सोपं. स्वस्त एकेरी काचेच्या क्लोज-अप फिल्टरांचा संच मात्र घेऊ नका, कडांना जांभळट झालर येते.

दुसरा मार्ग ५० मिलिमीटरची लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे बॉडी आणि लेन्समध्ये बसवायची पोकळ नळी. ट्यूबची लांबी भागिले लेन्सचं नाभीय अंतर, तेवढा पट वाढतो. केंकोच्या संचात १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तीन ट्यूब असतात, तिन्ही मिळून ६८, म्हणजे ५० मिलिमीटरवर एकाहून जास्त पट. पण अंतर फार कमी उरतं आणि उजेडही घटतो. क्लोज-अप भिंगाने उजेड घटत नाही, म्हणून माझं मन तिकडे. लेन्स उलटी बसवायची रिव्हर्स रिंगही स्वस्त आहे, पण ॲपर्चर सांभाळताना होणारी कसरत पळणाऱ्या किड्यांपुढे परवडत नाही.

मावा_मुंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. हे ऐकलं नसतं तर १८-५५ घेऊन मीही महिनाभर हिरमुसले असते.

दोन शंका. पुढे मॅक्रो लेन्स घेईन तेव्हा ६० की १००? आणि अंतरामुळे सावली गेली हे कळलं, पण एफ ११ ला उजेड आणायचा कुठून?

तिसरा_डोळा

६० हलकी आहे आणि हात कमी थरथरतो, फुलं आणि सुरवंटांना मला तीच आवडते. पण तिचं तोंड किड्यापासून नऊ-दहा सेंटीमीटरवर येतं. तुमच्या कोळ्यासाठी १०० किंवा ९०. निकॉनकडे गेलात तर तिथे मॅक्रो लेन्सला मायक्रो म्हणतात, आणि ४० मिलिमीटरची मायक्रो स्वस्त म्हणून घेऊ नका, तिच्यापुढे पाच सेंटीमीटरही उरत नाहीत.

भिंगातून

उजेडाचं उत्तर फ्लॅश, आणि तोही कॅमेऱ्यावरचा चिमुकला नव्हे. त्याच्या वाटेत लेन्सच येते आणि फोटोच्या खालच्या भागात काळं अर्धवर्तुळ पडतं. बाहेरून लावायचा साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो. शटर १/२००, आयएसओ २००, एफ ११, फ्लॅश १/१६ ते १/८ शक्तीवर, इथून सुरुवात करा. या सेटिंगला आजूबाजूचा उजेड फोटोत जवळजवळ येतच नाही. फोटो फ्लॅशच्या लखलखाटानेच घडतो, आणि कमी शक्तीवर तो लखलखाट शटरपेक्षा कितीतरी आखूड असतो. हाताचा कंप त्यातच थिजतो. मॅक्रोत ट्रायपॉडपेक्षा फ्लॅश जास्त उपयोगी पडतो असं माझं ठाम मत आहे. वाऱ्याने हलणाऱ्या पानापुढे ट्रायपॉड काय करणार?

नुसता फ्लॅश मात्र कधीच मारू नका. कोळ्याच्या गुळगुळीत डोळ्यात पांढरा डाग उमटतो आणि पाठ चकाकते. पातळ पांढरा फोमचा कागद कमानीसारखा वाकवून लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे आणा. डिफ्यूझर किड्याच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका उजेड मऊ. मी सात-आठ प्रकार करून पाहिले, सध्याचा तळहाताएवढा आहे. पार्श्वभूमी काळी यायला लागली तर किड्याच्या मागे दोन-तीन सेंटीमीटरवर एखादं हिरवं पान येईल असा कोन शोधा.

फोकससाठी रिंग फिरवत बसू नका. आधी पट ठरवा, रिंगला हात लावायचा नाही, आणि कोपर गुडघ्यावर टेकवून अंगच किंचित पुढे-मागे करा. डोळे स्पष्ट झाले त्या क्षणी बटण.

मावा_मुंगी

कालची हकिगत लिहितेय. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिची डीएसएलआर, ५५-२५० आणि फ्लॅश दोन दिवसांसाठी दिला, डीसीआर-२५० तिच्या भावाकडचं. डिफ्यूझर पार्सलमधून आलेल्या फोमचा केला.

२५० वर कोळी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडेचना. सगळीकडे नुसता हिरवा धूर. झूम १५० च्या आसपास आणली तेव्हा तो एकदम समोर उभा राहिला. आणि तो पळाला नाही! अकरा सेंटीमीटर अंतर, फ्लॅश पडतोय, आणि तो वळून सरळ लेन्सकडे बघत राहिला. साडेतीन वर्षांत त्याने माझ्याकडे असं तोंड केलंच नव्हतं. १४० फोटो काढले, त्यातल्या नऊ फोटोंत पुढचे दोन्ही मोठे डोळे स्पष्ट आहेत आणि डोळ्यांवरचे केस एकेक मोजता येतात. पाय धूसर आहेत, तुम्ही सांगितलं होतं तसे. मला ते आवडले.

ठरलं: बॉडी, ५५-२५० आणि हे भिंग. १०० मिलिमीटर नंतर.

पण एक विचारायचंय. लागोपाठच्या दोन फोटोंत त्याच कोळ्याचा तोच डोळा आधी काळाभोर आहे आणि पुढच्यात मधासारखा तपकिरी. उजेड, सेटिंग, कोन, काहीच बदललेलं नाही. फ्लॅशमुळे असं होतं का?

भिंगातून

फ्लॅशमुळे नाही. त्या दोन डोळ्यांची बाहेरची भिंगं कवचात पक्की बसलेली असतात, ती हलत नाहीत. हलतो तो आतला पडदा. लांबट नळीच्या टोकाला दृष्टिपटल असतं आणि कोळी स्नायूंनी ती नळी आतल्या आत फिरवतो. नळी तुमच्या रेषेत असली की डोळा काळा दिसतो, बाजूला गेली की आतली फिकट भिंत दिसते.

म्हणजे काळ्या डोळ्याच्या फोटोत तो थेट तुमच्या लेन्सकडे बघत होता. दोन्ही फोटो इथे टाका ना, शेजारी शेजारी.