‘नॉट ओन्ली’नंतर ‘डिड’ कुठून येतो?

प्रश्न : ‘नॉट ओन्ली ही केम लेट, ही ऑल्सो फरगॉट द फाइल’ असं मी मेलमध्ये लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते ‘नॉट ओन्ली डिड ही कम लेट’ असं केलं. वाक्य प्रश्नार्थक नाही, मग हा ‘डिड’ कशाला?

उत्तर : दुरुस्ती बरोबर आहे. नेव्हर, सेल्डम, हार्डली, नॉट ओन्ली असे नकाराकडे झुकणारे शब्द वाक्याच्या तोंडाशी आले की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. ते नसेल तर डू, डझ किंवा डिड आणावं लागतं, आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात जातं. म्हणून ‘केम’चं ‘कम’ झालं. शाळेत ‘नो सूनर... दॅन’ घोटून घेतात तेही हेच, फक्त कारण कोणी सांगत नाही.

कारण पाहण्यासारखं आहे. ‘विथ नो जॉब ही वुड बी हॅपी’ म्हणजे नोकरी नसली तर तो खूश असेल. ‘विथ नो जॉब वुड ही बी हॅपी’ म्हणजे कुठलीही नोकरी दिली तरी तो खूश होणार नाही. शब्द तेच, फक्त ‘ही’ आणि ‘वुड’ यांची अदलाबदल झाली. पहिल्यात नकार नोकरीपुरताच आहे, दुसऱ्यात तो अख्ख्या वाक्याला लागतो. त्यामुळे या रचनेला नुसती भाषेची ऐट म्हणणं मला मुळीच पटत नाही.

प्रश्न : मग ‘आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह’ चालेल ना? त्यात तर प्रश्नच आहे.

उत्तर : नाही. ‘व्हेअर ही लिव्ह्ज’ हवं. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की प्रमाण इंग्रजीत क्रम सरळ होतो. आपण इथे हमखास अडखळतो, कारण मराठीत ‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न आणि ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ यातला तुकडा अगदी एकच आहे. ‘तो येणार आहे’ला ‘का’ जोडला की आपला प्रश्न तयार. शब्द जागचे हलवावे लागत नाहीत. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ऐवजी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हेही त्याच सवयीतून येतं.

प्रश्न : आणि ‘हॅड आय नोन’?

उत्तर : तिथे ‘इफ आय हॅड नोन’ (मला माहीत असतं तर) यातला ‘इफ’ गाळलेला आहे, म्हणून ‘हॅड’ पुढे आला. ही सोय हॅड, शुड आणि वेअर यांच्यापुरतीच धरा. ‘इफ ही हॅज टाइम’चं ‘हॅज ही टाइम, ही विल कम’ होत नाही.