पगार आला की आधी बाजूला काढा: हा जुना धडा सगळ्यांना लागू पडतो का?

जमाखर्च (धागाकर्ता)

माझ्या भाचीला नुकतीच पहिली नोकरी लागली. तिनं विचारलं, "मामा, पैशाचं नेमकं काय करायचं असतं?" मी एकच सांगितलं. पगार खात्यात पडला की त्याच दिवशी ठरलेला भाग दुसऱ्या खात्यात हलव आणि उरलेल्यात महिना काढ. महिनाअखेरीला उरेल ते साठवू म्हणालीस, तर काही उरणार नाही. यावर घरातच दोन तट पडले, म्हणून इथे विचारतो आहे.

मी हे अनुभवावरून बोलतो. नोकरीची पहिली नऊ वर्षं पगार वाढत गेला, शिल्लक होती तिथेच राहिली. पुढच्या पगारवाढीनंतर जमेल, असं दर वर्षी वाटायचं. शेवटी एका रात्री तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट छापून घेतली आणि तीन रंगांची पेनं घेऊन बसलो. गरजेचा खर्च हिरवा, हौसेचा पिवळा आणि कशावर केला ते आठवतही नाही तो लाल. मोठ्या रकमा जवळपास सगळ्या हिरव्या निघाल्या. लाल होत्या त्या बारक्या ओळी. एकेकटी कुठलीच डोळ्यांत भरत नव्हती, पण कागद हातभर लांब धरला की लालच लाल. त्यात दर महिन्याला आपोआप कापली जाणारी एक वर्गणी होती. ती सेवा मी वर्षभर उघडलीही नव्हती.

त्यानंतर आधी बाजूला, मग खर्च. चार वर्षांनी नोकरी गेली आणि पाच महिने हातात काम नव्हतं. त्या काळात एका ठिकाणी जुन्या पगाराच्या निम्म्यावर बोलावलं होतं. गाठीला पैसा होता म्हणून मी नाही म्हणू शकलो. मला बचतीचं मोल कळलं ते त्या दिवशी. व्याज वगैरे त्यापुढे दुय्यम आहे.

तुमचं काय मत?

रोजंदार

धागा मनापासून लिहिलाय, पण मला पटला नाही.

तुमच्याकडे लाल ओळी होत्या. ज्यांच्या कागदावर सगळंच हिरवं असतं त्यांनी काय बाजूला काढायचं? माझं काम कंत्राटी आहे. एका महिन्यात तीन महिन्यांचं मिळतं, मग दोन महिने काहीच नाही. 'उत्पन्नाचा दहावा हिस्सा' हे ऐकायला सारखं वाटतं, प्रत्यक्षात सारखं नसतं. भरल्या घरातून दहावा हिस्सा गेला तर हौस कमी होते. हातातोंडाची गाठ असलेल्या घरातून गेला तर औषध किंवा फी राहते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि या सल्ल्यामागे नेहमी एक गृहीत असतं, की पैसा उरत नाही तो संयम नसल्यामुळे. मुलांसमोर गोड खाऊ ठेवून, थोडा वेळ थांबलास तर दुप्पट मिळेल असं सांगायचा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात चांगली निघाली, असं त्यावरून सांगितलं जातं. 2018 मध्ये जास्त मुलांच्या माहितीवर तोच संबंध पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण अशा गोष्टी हिशेबात धरल्यावर तो फार क्षीण झाला. ज्या घरात 'नंतर देतो' म्हटलेलं नंतर मिळत नाही, त्या घरातलं मूल हातात आहे ते खातं. त्यात त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

दुसरं, 2013 मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेच शेतकरी तोडणीआधी, पैशाची चणचण असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे हातात आल्यावर पुढे गेले. माणूस तोच. म्हणजे टंचाई नुसती खिसा रिकामा करत नाही, हिशेब करणारं डोकंही अडवून ठेवते. अशा माणसाला शिस्तीचे चार शब्द ऐकवणं मला बोचतं.

आकडेमोड

माझा आक्षेप वेगळा आहे. धागाकर्त्यांनी कर्जाचा शब्दही काढलेला नाही. डोक्यावर महागडं कर्ज असताना बचत करणं म्हणजे गळक्या भांड्यात पाणी भरणं.

72 ला व्याजदरानं भागलं की रक्कम किती काळात दुप्पट होते ते साधारण कळतं. हा आडाखा जुना आहे, लुका पाचोलींच्या 1494 सालच्या गणिताच्या ग्रंथातही सापडतो. सहा टक्क्यांनी ठेवलेले पैसे 12 वर्षांत दुप्पट होतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना तीन टक्क्यांनी वाढत असेल तर ती 24 महिन्यांत दुप्पट होते. आता एकाच माणसाकडे दोन्ही असतील तर कोण जिंकणार?

'किमान रक्कम' भरून निभावणाऱ्यांसाठी एक हिशेब कागदावर मांडून पाहिला. थकबाकी 100, व्याज महिना तीन टक्के आणि दर महिन्याला बिलाच्या पाच टक्के भरणा. नवी खरेदी शून्य धरली आहे. पहिल्या महिन्यात 100 चे 103 होतात, त्यातले 5.15 भरले की 97.85 उरतात. असं 32 महिने चाललं की भरलेली रक्कम होते 120 आणि अजून देणं उरतं 50. जेवढं घेतलं त्याहून जास्त भरलं आणि निम्मं तसंच डोक्यावर. हे मी तीन वेळा तपासलं, कारण माझाच विश्वास बसेना.

म्हणून माझ्या मते भाचीला पहिला धडा हा द्या, की कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. ते जमत नसेल तर कार्ड वापरायचं नाही. जुनी थकबाकी असेल तर बचतीचं नावही न काढता सगळा जोर तिच्यावर.

जमाखर्च

@आकडेमोड, हिशेब बिनचूक आहे आणि कर्ज मी वगळायला नको होतं. पण 'बचतीचं नावही न काढता' याला माझा विरोध आहे. असलेला पै अन् पै थकबाकीत घातला आणि पुढच्याच महिन्यात दुखणं आलं, तर पैसे कुठून येणार? त्याच कार्डावरून. मी जवळच्या माणसाला तीनदा कर्जमुक्त होताना आणि तीनदा पुन्हा बुडताना पाहिलं आहे. चौथ्या वेळी त्यानं आधी एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी ठेवली, मग थकबाकी फेडायला घेतली. फेडायला जास्त वेळ लागला, व्याजही जास्त गेलं, पण त्यानंतर तो बुडाला नाही.

@रोजंदार, तुमचं बोलणं लागलं. पण पैसा कमी असणाऱ्यालाच छोट्या साठ्याची जास्त गरज असते, असं नाही वाटत? ज्याच्याकडे खूप आहे त्याला एक अनपेक्षित बिल बुडवत नाही.

मोकळा श्वास

मी पूर्णपणे विरुद्ध बाजूनं बोलणार आहे.

माझे काका आयुष्यभर साठवत राहिले. पोटाला चिमटा काढून, कुठेही न जाता. ते गेल्यावर आम्ही कपाट उघडलं. आतल्या खणात मुदत ठेवींच्या पावत्यांचा गठ्ठा होता. त्याला लावलेलं रबर इतकं जुनं की वितळून वरच्या पावतीला चिकटलं होतं, सोडवताना अक्षरं निघून आली. शेजारी डबीत एक मनगटी घड्याळ, काचेवरचा पातळ कागदही न काढलेला. 'चांगल्या प्रसंगी घालीन' म्हणायचे, असं काकूंनी सांगितलं. बऱ्याच ठेवींना वारस नोंदवलेलाच नव्हता. काकू दीड वर्ष कागद घेऊन खेटे घालत होत्या. ज्या पैशासाठी एवढं सोसलं तो त्यांच्या उपयोगाला आला तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते.

अर्थशास्त्रातही हा विचार आहे. फ्रांको मोदिल्यानींना 1985 चं नोबेल मिळालं त्यात त्यांच्या जीवनचक्राच्या सिद्धांताचा मोठा वाटा होता. माणूस आयुष्यभराच्या कमाईकडे पाहून खर्च सारखा राखायला बघतो. तरुणपणी कमाई कमी म्हणून बचत कमी, मधल्या वयात जास्त, म्हातारपणी साठवलेलं मोडून खायचं. बाविशीतल्या मुलीनं पैसे शिकण्यावर, फिरण्यावर, तब्येतीवर घातले तर ते वाया गेले असं का म्हणायचं?

आणि साठवलेला पैसा सुरक्षित असतो, हेही अर्धसत्य आहे. महागाई सहा टक्के असेल तर तो 72 चा आडाखा उलटा चालतो, 12 वर्षांत पैशाची किंमत निम्मी. जर्मनीत 1923 मध्ये तर मार्क इतका घसरला की नोव्हेंबरात एका डॉलरला सुमारे 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. जन्मभर काटकसर करून बँकेत ठेवणाऱ्यांचं सगळं धुऊन निघालं. कर्ज घेतलेले सुटले.

दोनशे वर्षं

काकांची गोष्ट वाचून गलबललं. पण ती बचतीविरुद्धची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. साठवणं आणि सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, काकांनी पहिलंच केलं.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेले बेंजामिन फ्रँकलिन 1790 मध्ये वारले तेव्हा त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांसाठी प्रत्येकी 1,000 पौंड ठेवले होते. अट अशी, की ते पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना पाच टक्क्यांनी कर्जाऊ द्यायचे. त्यांचा अंदाज होता की शंभर वर्षांत त्याचे 1,31,000 पौंड होतील. त्यातले एक लाख लोकोपयोगी कामांवर खर्चायचे आणि उरलेले आणखी शंभर वर्षं वाढू द्यायचे. चक्रवाढीचं गणित अगदी बरोबर होतं. पण कारागिरांची उमेदवारीची, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकण्याची पद्धतच मागे पडली, अटीत बसणारे तरुण कर्जदार मिळेनासे झाले. दोनशे वर्षांनी बॉस्टनकडे सुमारे 50 लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. मुद्दल तेच, मुदत तीच, मृत्युपत्रही तेच.

फरक पडला तो मधल्या काळात पैसा कोणी कुठे ठेवला त्यामुळे. म्हणून मी दर वर्षी एक ठरलेला दिवस कागदपत्रांसाठी ठेवतो. कुठे काय आहे, वारस कोण, विमा कधी संपतो, हे सगळं एका वहीत लिहिलेलं असतं आणि ती वही कुठे आहे ते बायकोला माहीत असतं. महागाईचं म्हणाल तर अडीअडचणीचा साठा तिच्यापुढे हरणारच, त्याचं काम वेळेला हाताशी असणं आहे. दहा-वीस वर्षं न लागणारा पैसा मात्र एकाच टोपलीत ठेवू नये, वेगवेगळ्या ठिकाणी विखरावा. 1923 सारखी वेळ आली तर एवढ्यावर भागेल, असा दावा मी करत नाही.

मोकळा श्वास

वहीचं पटलं. आजच काकूंना फोन करते, त्यांच्या स्वतःच्या खात्यांना वारस लावलेत का ते मी विचारलंच नव्हतं.

पण घड्याळाचं उत्तर तुमच्या वहीत नाही. किती झालं की पुरे, हे कोणी लिहीत नाही. धागाकर्त्यांनी तरी भाचीला सांगितलं का, की या आकड्यानंतर थांब आणि खर्च कर?

जमाखर्च

नाही सांगितलं. आणि हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता. सहा महिन्यांचा खर्च गाठीला आला की पुढचं वाढीव तिनं मोकळेपणानं वापरावं, असं आत्ता तरी वाटतंय. म्हातारपणासाठीचं वेगळं, त्याला हात लावायचा नाही.

@रोजंदार, तुमच्यासाठी एक शोधून ठेवलं होतं. रिचर्ड थेलर (2017 चं नोबेल) आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी एका कंपनीत असं करून पाहिलं: आज काही कापायचं नाही, पण पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला भाग बचतीत जाईल असं आधीच कबूल करून घ्यायचं. हातात येणारा पगार त्यामुळे कधीच कमी झाला नाही. 40 महिन्यांत त्या लोकांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. तिथे कोणी संयमाचं प्रवचन दिलं नव्हतं.

रोजंदार

वाचलं. त्यांना पगार होता आणि पगारवाढ होती. मला दोन्ही नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं मला चालणार नाही.

मी काय करते ते सांगते. आलेलं सगळं एका खात्यात पडू देते आणि त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःला ठरलेला पगार काढते. गेल्या वर्षातल्या सगळ्यात वाईट सलग तीन महिन्यांची सरासरी काढून तो आकडा ठरवलाय. चांगल्या महिन्यातही तेवढाच. हा उपाय मला एका सहकारी बाईंनी सांगितला, त्याही कंत्राटीच. पहिल्या वर्षी तो तीनदा मोडला, कारण असा पगार काढायला चांगला महिना आधी यावा लागतो आणि तो पाचव्या महिन्यात आला. तोवर उसनवारीच.

तेव्हा धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर अजूनही 'नाही' आहे, सगळ्यांना लागू पडत नाही. भाचीला लागू पडतो, कारण तिच्या खात्यात दर महिन्याला त्याच तारखेला पैसे पडणार आहेत. तिला हेही सांगा, की तिच्या ऑफिसात सफाईला येणाऱ्यांच्या खात्यात तसे पडत नाहीत.

जमाखर्च

सांगतो. आणि तुमचा तो एक तारखेचा उपायही सांगतो.