मदत हवी आहे : 'लोणचं' की 'लोनचं', दुकानात कसं टिपू?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्हचा प्रयोग मुंबईत करायचाय. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत त्याने चौथ्या मजल्यावरच्या वस्तूंचा पत्ता विचारला, म्हणजे उत्तरात 'फोर्थ फ्लोअर' यावं, मग नीट ऐकू न आल्यासारखं करून उत्तर पुन्हा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा लोक जपून बोलले, त्या शब्दांतला एरवी गळणारा 'र' जास्त उमटला. महागड्या दुकानात तो मुळातच जास्त होता. आडोशाला जाऊन लबॉव्ह नोंदी करायचा.

मी 'ण' धरलाय. 'पाणी' बाद, कारण 'पानी' म्हटलं तर ते हिंदीच असू शकतं. म्हणून बरणीकडे बोट दाखवून 'हे काय आहे?' विचारायचं, 'लोणचं' येतं की 'लोनचं', तेवढं टिपायचं. लालबागला जमेल. पण मॉलमध्ये मराठी पोरंही गणवेश चढवला की हिंदीच सुरू करतात! त्यांना मराठीत कसं आणायचं? शिवाय माझं कॉलेजी मराठी ऐकून समोरचा आपसूक सावरून बोलतो, त्याचं काय? प्रश्न विचारायला दुसऱ्या कुणाला पाठवू का? आणि परवानगी आधी घ्यायची की नंतर? आधी घेतली तर सगळेच शुद्ध बोलणार. असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.