मदत हवी आहे: हेगचा निकाल जिंकूनही फिलिपिन्सच्या मच्छीमारांना नक्की काय मिळालं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात (रत्नागिरी तालुका) रविवारी कॉलेजच्या मुलांबरोबर आम्ही नकाशा समोर ठेवून एखादा आंतरराष्ट्रीय विषय घेतो. सध्या दक्षिण चीन समुद्र चालू आहे. निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरची, त्यामुळे १२ सागरी मैलांची हद्द म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही. चीनची नाइन डॅश लाइन (नकाशावर तुटक रेषांनी दाखवलेला जवळजवळ सगळ्या समुद्रावरचा दावा), तो नकाशा त्यांनी २००९ मध्ये युनोला दिला वगैरे सगळं झालं, मग २०१६ चा फिलिपिन्स विरुद्ध चीन हा हेगच्या लवादाचा निकाल सांगितला, तर एका मुलीने विचारलं की मग आता जातात का ते लोक तिथे मासे मारायला? सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी वाचतोय तसं उत्तर जास्तच गुंतत चाललंय म्हणून हा धागा.

प्रश्न मुख्यतः स्कारबरो शोलचा आहे. फिलिपिन्सच्या लुझोन बेटापासून साधारण १२० सागरी मैल, चीनपासून त्याच्या तिपटीहून लांब. खडकांचं कडं आणि आत शांत पाणी, वादळात छोट्या होड्या आत शिरायच्या, मासळीही भरपूर. झांबालेस प्रांतातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात होते. २०१२ च्या एप्रिलमध्ये फिलिपिन्सच्या नौदलाने चिनी मासेमारी बोटी तिथे अडवल्या, चीनच्या सरकारी बोटी मध्ये आल्या, काही आठवडे दोघे समोरासमोर, आणि शेवटी ताबा चीनकडे गेला तो आजपर्यंत. त्याच काळात फिलिपिन्सची केळी चीनच्या बंदरांत तपासणीच्या नावाखाली अडकून सडली. म्हणजे भांडण समुद्रात आणि मार पडला बागायतदाराला, हे आंबा पिकवणाऱ्या माणसाला लगेच कळतं.

२०१३ मध्ये फिलिपिन्स लवादाकडे गेलं. १२ जुलै २०१६ ला निकाल आला, नाइन डॅश लाइनमधल्या ऐतिहासिक हक्काला कायद्याचा आधार नाही. पण स्कारबरो कोणाचं हे लवादाने ठरवलंच नाही, तो त्यांचा अधिकारच नव्हता. त्यांनी म्हटलं की तिथे फिलिपिन्स, चीन आणि इतरही देशांच्या मच्छीमारांचा परंपरागत हक्क आहे आणि चीनने फिलिपिनो होड्यांना अडवणं बेकायदा आहे. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, बातम्यांमध्ये "चीन हरला" एवढंच येतं आणि हे राहून जातं.

आता खरी गोम. चीनने निकाल मानला नाही. दुतेर्ते निकालाच्या थोडं आधीच राष्ट्राध्यक्ष झाले होते, त्यांनी तो निकाल बाजूला ठेवला, ऑक्टोबर २०१६ मध्ये बीजिंगला गेले, फळांवरची बंदी उठली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस होड्या पुन्हा स्कारबरोजवळ जायला लागल्या. आतल्या शांत पाण्यात नाही, पण कड्याच्या बाहेर जाळं टाकता येऊ लागलं. नंतर २०२२ मध्ये मार्कोस राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी निकालाचा आग्रह धरला, अमेरिकेला आणखी चार तळ वापरायला दिले, आपल्याकडची ब्राह्मोस क्षेपणास्त्रंही त्यांच्याच काळात पोचली (करार दुतेर्तेंच्या काळातला). आणि मच्छीमाराच्या वाट्याला काय, तर २०२३ मध्ये कड्याच्या तोंडाशी चीनचा तरंगता अडथळा, पाण्याच्या तोफा, २०२४ पासून परदेशी माणसाला ६० दिवसांपर्यंत डांबून ठेवायचा चिनी कोस्ट गार्डचा नियम. आणि २०२५ मध्ये तर चीनने तिथे निसर्ग राखीव क्षेत्रच जाहीर केलं. पालघरकडचे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढतात तेव्हा घरच्यांचे काय हाल होतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना ६० दिवस हा आकडा छोटा वाटणार नाही.

मग मुलं साहजिकच म्हणतात, सर, जमवून घेतलेलंच बरं होतं की. मला हे पटत नाही. चीनने दिलेली सवलत चीन कधीही काढून घेऊ शकतो, कागदावरचा हक्क निदान काढून घेता येत नाही. पण कागदावर चूल पेटत नाही हेही खरं, आणि त्या मुलांसमोर मला ते टाळून बोलायचं नाहीये.

व्हिएतनामचं उदाहरण घेतलं तर अजून गोंधळ. १९७४ ला पॅरासेल बेटांपैकी दक्षिण व्हिएतनामच्या ताब्यातली पश्चिमेकडची बेटं चीनने घेतली, १९७९ ला चीनशी जमिनीवर युद्ध, १९८८ ला जॉन्सन साउथ रीफ या खडकावर चीनशी झालेल्या चकमकीत ६४ सैनिक मारले गेले. एवढं होऊनही ते लवादाकडे गेले नाहीत. जमिनीच्या सीमेचा करार १९९९ ला, दोघांच्या मधल्या टोंकिनच्या आखाताची वाटणी २००० ला, दोन्ही बोलून केलं. २०१४ ला चीनने पॅरासेलजवळ तेलाची रिग आणली तेव्हा मात्र महिनाभर नाही, दोन महिने बोटी एकमेकींवर आदळत होत्या आणि रिग ठरलेल्या वेळेआधी परत गेली. तरीही तिथल्या मच्छीमारांना पॅरासेलजवळ मारहाण होतेच, २०२० ला एक बोट बुडवली गेली, २०२४ ला पुन्हा लोक जखमी झाले. म्हणजे कोर्टात जा किंवा गप्प बोलणी करा, छोट्या होडीवाल्याचं दोन्हीकडे सारखंच?

जाणकारांनी यावर प्लीज लिहा. टोंकिनच्या आखातात वाटणी जमली आणि पॅरासेलला का नाही जमत, मला वाटतं आखातात दोघांचे किनारे समोरासमोर आहेत आणि पॅरासेलवर चीनचं सैन्य आधीच बसलंय म्हणून, पण हे बरोबर आहे का? आणि आसियान (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) चीनबरोबरच्या २००२ च्या जाहीरनाम्यानंतर या समुद्रासाठीच्या आचारसंहितेवर इतकी वर्षं बोलतंय, त्यात मच्छीमारांसाठी वेगळं काही कलम चर्चेत आहे का?

इथे मर्चंट नेव्हीतली बरीच मंडळी आहेत, सिंगापूर-हाँगकाँग रूटवर जाणाऱ्यांनी प्रत्यक्ष काय दिसतं ते लिहिलं तर मुलांना माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल. मराठीत नावं लिहिलेला त्या भागाचा चांगला नकाशा कोणाकडे असेल तर तोही हवा आहे.

भर घालतोय: दोघांनी विचारलंय की निकाल जर पाळला जात नाही तर शिकवायचा कशाला. माझं म्हणणं, इंडोनेशियाने २०२० मध्ये नातुना बेटांजवळ चिनी बोटी आल्या तेव्हा आणि व्हिएतनाम, मलेशियानेही युनोला पत्रं लिहिताना तोच समुद्री कायदा पुढे केला, इंडोनेशियाने तर या निकालाचा थेट उल्लेख केला. पण ही सरकारांची पत्रं झाली. झांबालेसच्या होडीपर्यंत यातलं काय पोचतं एवढंच मला अजून हवंय, त्यावर कोणी लिहिलं तर पुढच्या रविवारी वर्गात वाचून दाखवेन.