मदत हवी आहे: बकआयचं चॉकलेट तडकतंय

मंडळी, मी ओहायोत, कोलंबसला असते. शनिवारी मिशिगनविरुद्धची फुटबॉल मॅच बघायला शेजाऱ्यांकडे जायचंय आणि उत्साहाच्या भरात "बकआय मी आणते" असं बोलून बसलेय.

माहीत नसणाऱ्यांसाठी: बकआय हे १९५३ पासून ओहायोचं राज्यवृक्ष. त्याचं बी गडद तपकिरी, वर फिकट ठिपका, हरणाच्या डोळ्यासारखं. ते बी विषारी असतं, पण तशीच दिसणारी मिठाई इथे घरोघरी करतात. पीनट बटरचा लाडू चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि वर रुपयाएवढा भाग उघडा ठेवायचा. पूर्ण बुडवला तर तो बकआय राहत नाही म्हणे!

पहिल्या वेळी नुसत्या दाण्यांचं, वर तेल तरंगतं ते पीनट बटर घेतलं. लाडू बसले, अगदी जास्त तूप झालेल्या बेसनाच्या लाडवासारखे. दुसऱ्या वेळी साधं घट्ट पीनट बटर दीड कप, लोणी ११३ ग्रॅम, पिठीसाखर तीन कप, चिमूटभर मीठ. वळायला झकास झाले. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले, सकाळी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवून चॉकलेट चिप्स वितळवल्या. सात-आठ लाडू नीट बुडले आणि मग चॉकलेट एकदम रवाळ, दाट झालं. जे झाले होते तेही तासाभरात तडकले, फटीतून तेल आलं. दुसऱ्या दिवशी वर पांढरट रेघा.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अगं, दाण्याचा लाडूच तो, त्यात एवढं काय!" आता काय सांगू? नक्की कुठे चुकतंय?

प्रतिसाद
फ्रीझर सोड. गारठलेल्या लाडवावर चॉकलेट झटकन आळतं, मग आतला गोळा खोलीत उबेला येताना फुगतो आणि कवच फोडतो. फ्रीजमध्ये अर्धा तास पुरे. आणि लाडवांवर दव धरलं होतं का? चॉकलेटात पाण्याचे दोन थेंब गेले तरी ते आवळतं. पातेल्यातली वाफही तेच करते, त्यामुळे पाणी उकळू देऊ नकोस, गॅस बंद करूनच वाडगं ठेव.

प्रतिसाद
पांढऱ्या रेघा म्हणजे बुरशी नव्हे, कोको बटर वर आलंय. दोन तृतीयांश चॉकलेट वितळव, मग उरलेलं बारीक चिरून त्यात घालून ढवळत राहा. थर्मामीटर असेल तर डार्क चॉकलेट ३१-३२ अंशांवर आलं की बुडवायला घे. चिप्स मुळातच दाट असतात, वडीचं चॉकलेट बरं. चमचाभर खोबरेल तेलाने पातळ होईल खरं, पण मग कवच मऊ राहतं, फ्रीजमध्येच ठेवावं लागेल. लाडू बुडवायला टोचलेली टूथपिक सरळ उपसू नकोस, पीळ देऊन काढ आणि भोक बोटाने बुजव.

मूळ धागाकर्ती
दव होतंच! मी ते फडक्याने पुसायचा शहाणपणाही केला होता. आज पुन्हा केले, वाफ टाळली, वडीचं चॉकलेट घेतलं. अठ्ठावीस झाले, एक तडकला, तो मी उभ्याउभ्याच खाल्ला. शेजाऱ्यांत कुणाला दाण्याची ॲलर्जी नाही ना, तेवढं विचारून येते.