मदत हवी आहे: ठिकाणाची उंची आणि झाडांचा वंश एकाच दिशेने बदलत असतील तर स्थानिक अनुकूलन ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. तीन आठवडे त्याच त्या आकृत्या बघतेय, आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे विचारते.

मी एका रानगवतावर काम करते. पायथ्यापासून २,४०० मीटरपर्यंत १४ ठिकाणांहून प्रत्येकी २० झाडं घेतली. गाळून साधारण २२,००० स्निप्स (डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक) उरले. उंचावरच्या थंडीशी जुळवून घेण्यात कोणत्या जनुकांचा हात आहे, एवढंच शोधायचंय.

एफएसटी (समूहांमधल्या जनुकीय फरकाचं माप) इतरांपेक्षा फार वेगळं असणारे स्निप्स, म्हणजे आउटलायर, शोधायला बेस्कॅन हा प्रोग्राम चालवला, ३१२ मिळाले. त्याच कामाच्या आउटफ्लँक या प्रोग्रामने जेमतेम ४ दाखवले. मग उंचीशी थेट संबंध तपासायला एलएफएमएम (वंशरचना सुप्त घटकांनी वगळणारी पद्धत), के म्हणजे त्या घटकांची संख्या ५ ठेवून, एफडीआर (खोट्या निकालांचं प्रमाण) ५ टक्के. हाती एकही लागला नाही.

अडचण कुठे आहे याचा अंदाज आहे. नमुने दोन डोंगररांगांतले आहेत. उत्तरेच्या रांगेत ५ ठिकाणं उंच आणि २ सखल. दक्षिणेत १ उंच, ६ सखल. पीसीएचा (जनुकीय फरकांचा सारांश काढणाऱ्या विश्लेषणाचा) पहिला अक्ष या दोन रांगा वेगळ्या काढतो आणि त्याचा उंचीशी सहसंबंध ०.८१ येतो. "सगळ्या पद्धतींत सामाईक येतील तेवढेच घ्या" असा सल्ला मिळाला होता, पण माझ्याकडे सामाईक काही उरतच नाही. ३१२ वर विश्वास ठेवू, की अनुकूलनच नाही असं समजू?

प्रतिसाद १

दोन्ही नको. बेस्कॅनचं गृहीतक असं की सगळे समूह एकाच मूळ साठ्यातून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे फुटले. तुमच्या उत्तरेच्या सात समूहांचा बराचसा इतिहास सामाईक असणार. अशा वेळी नैसर्गिक निवड नसतानाही नुसत्या ड्रिफ्टने (योगायोगाने होणाऱ्या बदलाने) एफएसटीचा पसारा वाढतो आणि खोटे आउटलायर निघतात. लेवॉन्टिन आणि क्रॅकाउर यांच्या १९७३ च्या एफएसटी चाचणीवर हाच आक्षेप घेतला गेला होता. आउटफ्लँक हा पसारा तुमच्याच विदेवरून, दोन्ही टोकं छाटून ठरवतं. त्यामुळे ते सावध आहे, पण सौम्य निवड त्याच्या हातून निसटते.

एलएफएमएमच्या पी-व्हॅल्यूंचा (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याच्या शक्यतांचा) हिस्टोग्राम कसा दिसतो?

धागाकर्ती

डावीकडे जवळजवळ काही नाही. उजवीकडे चढत जातो आणि १ पाशी सर्वांत उंच.

प्रतिसाद १

मग दुरुस्ती जास्त झाली आहे. हिस्टोग्राम बहुतांश सपाट आणि शून्याजवळ एक टोक, असा हवा. के २ किंवा ३ वर आणा आणि इन्फ्लेशन फॅक्टर (पी-व्हॅल्यू किती दुरुस्त करायच्या तो आकडा) आपोआप ठरू न देता हिस्टोग्राम बघत ठरवा.

पण एवढ्याने मूळ गाठ सुटत नाही. सुप्त घटक वंशरचना काढून टाकतात आणि तुमच्याकडे उंची वंशरचनेलाच चिकटलेली आहे, त्यामुळे तिच्याबरोबर खरा इशाराही जातो. नमुने घेतानाच जे एकत्र बांधलं गेलं, ते कुठलीही पद्धत पुरतं सोडवू शकत नाही. म्हणून रांगेच्या आत तुलना करा. दक्षिणेतलं ते एकटं उंच ठिकाण मला तुमच्या विदेतलं सोनं वाटतं. तिथे पीबीएस (तीन समूहांच्या तुलनेतून एका फांदीवरचा बदल मोजणारं माप) काढा: दक्षिण-उंच, दक्षिण-सखल आणि तिसरा दूरचा समूह म्हणून उत्तर-सखल. बदल नेमका कोणत्या फांदीवर झाला ते कळेल. तिबेटी लोकांचं उंचावरच्या विरळ हवेशी जुळवून घेण्यातलं ईपीएएस१ जनुक २०१० मध्ये असंच पुढे आलं: ५० तिबेटी एक्झोम (जीनोममधला प्रथिनं घडवणारा भाग), तुलनेला हान चिनी आणि डॅनिश. एका स्निपची वारंवारता तिबेटींत ८७ टक्के, हानांत ९. ते दोन समूह एकमेकांच्या जवळचे होते म्हणूनच हा फरक डोळ्यांत भरला.

आणि ते ३१२ गुणसूत्रांवर कुठे बसतात ते आधी बघा. एकाच पट्ट्यात दाटी असेल तर तो इन्व्हर्जन (गुणसूत्राचा उलटा बसलेला तुकडा) किंवा कमी पुनर्संयोजनाचा भाग असू शकतो, जिथले स्निप्स एकत्रच वारशाने जातात. असा पट्टा एकच पुरावा म्हणून मोजायचा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. "सामाईक तेवढेच घ्या" हा सल्ला मला पटत नाही. त्यात फक्त मोठ्या परिणामाची जनुकं टिकतात आणि अनुकूलन बहुधा शेकडो छोट्या बदलांतून होतं. छोटे बदल जोडतानाही जपून. युरोपातल्या माणसांच्या शरीराच्या उंचीतल्या फरकावर निवडीचा ठसा असल्याचं बरीच वर्षं मांडलं जात होतं. २०१९ मध्ये दिसलं की त्यातला मोठा वाटा वंशरचना नीट न वगळल्याचा होता.

शक्य असेल तर अदलाबदल लागवड कराच. खालचं बी वर, वरचं बी खाली, आणि कोण किती बी धरतं ते मोजायचं. गवत असल्यामुळे एका हंगामात काहीतरी हाती लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री ३१२ ची जागा मांडली. १४७ एकाच गुणसूत्राच्या एका पट्ट्यात निघाले! क्षणभर वाटलं, सापडलं. मग त्या पट्ट्यातल्या प्रकाराची ठिकाणवार वारंवारता काढली. उत्तरेच्या पाचही उंच ठिकाणी ०.८ च्या वर, पण उत्तरेच्या दोन सखल ठिकाणीही तेवढीच, आणि दक्षिणेच्या उंच ठिकाणी ०.१. म्हणजे तो फरक रांगांमधला आहे, उंचीशी त्याचा संबंध दिसत नाही. पट्टा बाजूला ठेवला. उरलेल्या १६५ पैकी दोन्ही रांगांत उंचीबरोबर वाढणारे कोणते, ते आता तपासतेय.

दक्षिणेच्या रांगेत २,००० मीटरच्या वर आणखी दोन जागी हे गवत आहे. फुलोरा संपायच्या आत तिथून पानं आणि बी दोन्ही घेऊन येते.